गंजाखालची दाल

अहमदपूर,
मार्गशीर्षातला गुरुवार (सिंधूचा उपवास, म्हणून घरात शांतता)

श्री. दयानंद मास्तर यांस, मुक्काम लोहा,

सुदर्शनचा नमस्कार. वाकून केला असता, पण डावा गुडघा गेल्या मंगळवारपासून संपावर आहे (का, ते पुढे येईलच), तेव्हा उभ्याउभ्या केलेलाच पावता करून घ्यावा. इकडे आम्ही सगळे खुशाल. आपली प्रकृती कशी आहे? वहिनींची कंबर? ती तुमची शिंग मोडलेली म्हैस अजून तशीच बघते का माणसाकडे? पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं काढून पत्र परत पाठवू नये ही विनंती. नववीत मराठीत मला छत्तीस होते, हे तुम्ही कोणाला विसरू दिलेलं नाही.

हे 'तुम्ही-आपण' आदरापोटी नाही बरं का. रागावलेल्या माणसाला एकदम अरे-तुरे करू नये म्हणून. आता दोन ओळी झाल्या, पुरे. दया, तू फोन उचलत नाहीस. मी सतरा वेळा लावला. व्हॉट्सॲपवर पाठवलं तर एकच टिक येते, म्हणजे मला ब्लॉक केलंस, हे मला सिंधूनं समजावून सांगितलं (मी समजत होतो लोह्याला रेंज नसते). म्हणून हा कागद. कागद ब्लॉक होत नाही. फाडायचा असेल तर फाड, पण मास्तर माणूस आहेस, लिहिलेलं न वाचता फाडणं तुला जमायचं नाही, एवढा माझा हिशेब आहे.

राग कशाचा ते मला माहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, तिथं तू परत तेच काढलंस की लातूरच्या जिल्हा स्पर्धेच्या वेळची ती लेझीम तुझी होती. आणि मी माईकवरून, साठ माणसांसमोर, म्हणालो की ज्याला आपल्या लेझीमचा आवाज ओळखता येत नाही त्यानं कान तपासून घ्यावेत आणि मग शिकवायला जावं. लोक लई हसले. तू जिलबीचं पान तसंच ठेवून उठलास. मला वाटलं हात धुवायला गेलास. तू तर थेट स्टँडवर गेलास.

असो. आता मंगळवारची हकीकत ऐक. ती ऐकल्यावर तुझा राग जाईल असं मी म्हणत नाही, पण हसू आलं तर दाबू नको.

आमच्या लघुउद्योजक संघाचा सचिव आहे महांतेश, उदगीरकडचा, शेती अवजारांचं दुकान आहे. माणूस चांगला, पण त्याला टाइप करायचा कंटाळा. तो फोनला तोंडाशी धरून बोलतो आणि फोन जे लिहील ते न वाचता दोनशे लोकांना पाठवतो. (एकदा 'शोकसभा' पाठवायची होती, 'चौकसभा' गेली. लोक चौकात जमले.) तर त्याचा निरोप आला: "नांदेडला विद्यापीठात उच्च शक्तीच्या औद्योगिक लेझीमचे प्रात्यक्षिक. सर्व वर्कशॉपवाल्यांनी यावे. येताना आपल्याकडील एक जुनी गंजलेली वस्तू आणावी."

आता तूच सांग, मी काय समजावं? औद्योगिक लेझीम म्हणजे कारखान्यातल्या कामगारांचं लेझीम पथक असणार. उच्च शक्तीची म्हणजे तगडे गडी असणार. आणि जुनी गंजलेली वस्तू आणा म्हणजे जुन्या लेझिमा जमवून प्रदर्शन मांडणार. सगळं कसं चपखल बसलं. तरी मी खात्री करायला महांतेशला फोन लावला. माझ्या दुकानात ग्राइंडर चालू होता, ट्रॉलीचं काम होतं. मी विचारलं, "कार्यक्रम लेझीमचाच ना?" तो म्हणाला, "हाव हाव, त्याचाच." आता तो 'त्याचाच' म्हणाला की 'लेझरचाच' म्हणाला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि पंचवीस वर्षं वेल्डिंगचा नुसता आवाज ऐकून आतला जोड पक्का का पोकळ ते सांगणारा माणूस मी, हे तुला माहीत आहे.

मग काय. माळ्यावरून ती लेझीम काढली. गंजून लाल झालेली, साखळीच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कमरेला लाल पट्टा, डोक्याला गुलाबी फेटा. सिंधू दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "पंचावन्न वर्षाचे झालात. गुडघ्याची पट्टी तरी घेऊन जा." मी म्हणालो, "कलावंताला पट्टी शोभत नाही." ती म्हणाली, "मग येताना लंगडणं शोभेल." आणि आत गेली.

मी आजही एस.टी.नंच जातो. स्वतःच्या गाडीत बसलं की लोकांचं बोलणं ऐकू येत नाही, आणि माझा अर्धा धंदा ऐकीव बोलण्यावर उभा आहे. मागच्या सीटवर कुणाच्या गेटचा दरवाजा लागत नाही, कुणाचं पेरणीयंत्र नळीतून बी सोडत नाही, सगळं कळतं. पण त्या दिवशी मागच्या सीटवर माझ्याबद्दलच चाललं होतं. एक बाई दुसरीला म्हणाली, "वरातीतले दिसून राहिले." दुसरी म्हणाली, "वरात कुठंय? एकटेच हायेत. चुकले असतील." गाडी लोह्याला दहा मिनिटं थांबली. मी खिडकीतून डोकं काढून तू कुठं दिसतोस का पाहत होतो. खरं सांगतो, लेझीम दाखवून चिडवायचा विचार होता.

विद्यापीठात पोचलो तर हॉलसमोर बावीस वर्कशॉपवाले. सगळे आपापल्या रोजच्या कपड्यात, हातात गंजकी बिजागरी, गियर, नांगराचे फाळ. आणि मध्ये मी, फेटा बांधून. महांतेश माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं फोन काढला, आपलाच निरोप वाचला, आणि म्हणाला, "अय्यो." एवढंच. पण त्या 'अय्यो'तून मला सगळं कळलं. दया, ते लेझीम नव्हतं. लेझर होतं. लेझर!

परत फिरायचा विचार केला होता, पण तेवढ्यात प्राध्यापकबाई आल्या, डॉ. बुद्धप्रिया म्हणून. तिशीच्या आतबाहेर असतील, भोकरकडच्या, शेतकऱ्याची लेक. त्यांनी मला फेट्यापासून चपलेपर्यंत पाहिलं, ओठ घट्ट मिटले, डोळ्यांत पाणी आलं (हसू दाबल्याचं), आणि म्हणाल्या, "काका, पट्ट्याचं ते चकाकतं बक्कल तेवढं काढून ठेवा. आत चकाकणारं काही चालत नाही. बाकी फेटा राहू द्या, छान दिसतोय." अशा बाईसाठी माणूस बक्कल काय, पट्टाच काढून ठेवतो.

आता लेझरचं. मी गणपतीत डीजेवर हिरव्यागार रेघा नाचताना पाहिल्यात, तसंच काहीतरी असेल अशी माझी कल्पना. बाई म्हणाल्या, हा किरण डोळ्याला दिसतच नाही. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून येतो आणि बोटभर जाडीचं लोखंड कापतो. मी विचारलं, हात मध्ये आला तर? त्या म्हणाल्या, हाताच्या आधी डोळे जातील, म्हणून हा चष्मा. आम्हा सगळ्यांना हिरवे चष्मे दिले. बावीस वर्कशॉपवाले हिरव्या चष्म्यात ओळीनं उभे, तेविसावा फेट्यात. मशीन मोठ्या कपाटासारख्या पेटीत बंद, समोर गडद काचेची खिडकी. बाईंनी बटण दाबलं. एक 'श्श्श्' असा आवाज, खाली ठिणग्यांची झालर, आणि वीस सेकंदांत दातेरी चाक कापून बाहेर. कड हाताला लागत नव्हती, दया! हेच चाक माझ्या दुकानात करायचं तर गॅस कटर, मग ग्राइंडर, मग कानस, दोन तास आणि तीन वेळा चहा. प्रत्येक जण मनातल्या मनात आपापलं दुकान बंद करून राहिला होता. महांतेश तेवढा म्हणाला, "आता आपण फक्त फेटे बांधायचे."

माझं लक्ष मात्र आवाजाकडे होतं. कापणं थांबलं की मशीननं एकदम गप्प व्हायला पाहिजे, पण होत नव्हतं. त्या शांततेत मागून कुठून तरी एक बारीक 'सुंऽऽ' येत होती. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण हलायच्या आधी येते तशी. मी म्हणालो, "ताई, मागं सिलेंडरच्या नळीला जोडाशी हवा गळून राहिली." त्या म्हणाल्या, नाही काका, कालच तपासलंय. मी म्हणालो, साबणाचं पाणी आणा. आणलं. जोडावर ओतलं. आणि दया, तिथून एक फुगा निघाला, छोट्या बोराएवढा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. नायट्रोजन गळत होता. बाईंनी जोड आवळला आणि बावीस जणांसमोर म्हणाल्या, "काका, तुमचे कान इथं ठेवून जा, आम्हाला मीटर घ्यायला नको." मी फेटा नीट केला. त्या वेळी मनात कोण आलं सांगू? तू. म्हटलं, दया इथं असता तर त्याला कळलं असतं, कान कशाला म्हणतात.

(हे वाक्य मी खोडणार होतो. ठेवलं. पुढचं वाचलंस की का ते कळेल.)

मग गंज काढायचा कार्यक्रम. त्यासाठी हातात धरायचं एक यंत्र आहे, रंगाच्या फवाऱ्याच्या बंदुकीसारखं. पडद्याआड बाई स्वतः ते घेऊन उभ्या राहतात आणि ज्याची त्याची वस्तू समोर ठेवतात. महांतेशचा फाळ झाला, कुणाची बिजागरी झाली. मग माझी पाळी. बाई म्हणाल्या, "काका, ही खरंच साफ करू?" मी म्हणालो, "ताई, लातूरची ढाल आणलीय हिनं. जपून."

किरण फिरला तसा आधी लाल गंज धूर होऊन उडाला. त्याखाली रुपेरी रंग निघाला. आठवतो? स्पर्धेच्या आधी हेडमास्तरांनी शाळेच्या फाटकाचा उरलेला रंग सगळ्या लेझिमांना फासला होता, तोच. त्यामुळंच तर सगळ्या सारख्या दिसायला लागल्या आणि आपलं भांडण लागलं. तोही उडाला. त्याखाली पाशामियाँ लोहारानं भट्टीवर दिलेला काळा थर. तो गेला आणि चांदीसारखं लोखंड बाहेर आलं. दया, चाळीस वर्षं अर्ध्या मिनिटात उलटी गेली. बाईंनी मधली मूठ उचलून बघितली, जिथं आपला पंजा असतो तिथं. म्हणाल्या, "काका, इथं काहीतरी ठसा मारलाय. मुद्दाम मारलेला आहे." मी पाहिलं, एक वाकडी खूण, विळ्यासारखी. मी म्हणालो, हातोडा चुकला असेल. त्या म्हणाल्या, "वाजते का अजून?" आणि एवढं विचारल्यावर माणूस उभा राहील का? चार पावलं टाकली. बैठकीचा एक हात केला. तिथंच गुडघ्यानं राजीनामा दिला. टाळ्या मात्र खूप पडल्या. बाईंनीही वाजवल्या.

एक गोष्ट तेव्हा कुणाला बोललो नाही. लेझीम खणखणली तेव्हा आवाज लई चांगला होता. पण तो माझ्या ओळखीचा नव्हता. भुकेनं कान फसले असतील असं मनाला सांगितलं आणि विद्यापीठाच्या कँटीनमध्ये दोन प्लेट पोहे खाल्ले. तरी तो आवाज कानातून गेला नाही.

परत येताना लोह्याला गाडी थांबली, तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. बरंच झालं. अहमदपूरला उतरलो आणि लंगडत थेट पाशामियाँकडे गेलो, आपली वस्तू कशी चमकते ते दाखवायला. म्हातारा आता पंच्याऐंशीचा आहे. ऐरणीनं कान नेले, मोतीबिंदूनं डोळे, पण बोटं शाबूत आहेत. त्याची घरवाली अमीरबी चहा ठेवायला गेली. पाशामियाँनं लेझीम मांडीवर घेतली, साखळीवरून हात फिरवला, आणि अंगठा मुठीवर थांबला. म्हणाला, "ये किसकी लाया रे सुद्या?"

मी कानाशी जाऊन ओरडलो, माझीच!

"तेरी कायकी? ये दाल है." आणि त्यानं माझं बोट धरून त्या विळ्यावर ठेवलं. "उर्दू का दाल. दाल से दयानंद. तेरे पे सीन मार्‍या था, तीन दाताँ का."

दया, तू तो दिवस विसरला नसशीलच. लातूरला निघायच्या आदल्या दिवशी एक लेझीम हरवली, एक उरली, आणि आपण दोघं. सरांनी आपल्याला पाशामियाँकडं पाठवलं, ज्यानं बनवली तो ओळखेल म्हणून. तो ऐरणीवर फाळ ठोकत होता. मान वर न करता काहीतरी बोलला. तू म्हणालास, "नाम देखके लेओ" म्हणाला. मी म्हणालो, छे, "नाम लेके लेओ" म्हणाला. माझे कान तेव्हाही गावात नावाजलेले, म्हणून सरांनी माझं खरं धरलं. तुझ्या समाधानासाठी त्यांनी लेझीम उलटसुलट करून पाहिली खरी, पण रुपेरी रंगापलीकडं काही दिसेना. मग मारुतीसमोर उदबत्ती लावली. मी देवाचं नाव घेतलं, लेझीम कानाशी हलवली आणि म्हणालो, हीच माझी. लातूरला पंधरा पोरं खेळली. तू आमचे कपडे आणि चपला राखत बसलास. ढालीसोबतच्या फोटोत तू नाहीस. दोन महिन्यांनी कडब्याच्या खोलीत दुसरी सापडली ती सरांनी तुझी म्हणून तुला दिली, आणि तू तेव्हापासून म्हणतोयस, ही माझी नाही.

मी पाशामियाँला विचारलं, चाचा, तुम्ही त्या दिवशी काय म्हणाला होता? तो हसला, दात नाहीत, पण हसला. "मैं बोल्या, झगडते कायकू, नाम देखके लेओ. और क्या बोलूंगा? देव का नाम लेको लोहा पहचानते क्या कोई?"

चहा आला तो मी प्यालो की नाही, आठवत नाही.

म्हणजे तुझे कान बरोबर होते. नायट्रोजन ऐकू येतो मला, पण एक मित्र चाळीस वर्षं काय बोलतोय ते ऐकू आलं नाही. आणि मेळाव्यात मी तुलाच कान तपासायला सांगितलं. मी चुकलो, दया. हे मी तोंडानंच सांगणार होतो, पण तू फोन उचलत नाहीस.

बाकी ठीक. थंडी चांगली पडली आहे, तूर फुलात आहे. बुद्धप्रियाबाई म्हणाल्या, छोट्या वर्कशॉपवाल्यांना त्या मशीनवर काम शिकवणार आहेत. मी नाव दिलंय. दुकान बंद वगैरे काही होत नाही. लोखंड कापणारं काहीही येऊ दे, जोडायला माणूस लागतोच. वहिनींना नमस्कार, म्हशीला हात जोडून.

तुझा,
सुदर्शन

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. २६ जानेवारीला शाळेत माजी विद्यार्थ्यांचं लेझीम आहे. ओळीत पहिला मी होतो. मी गुडघ्याचं कारण सांगून नाव काढून घेतलंय आणि तिथं तुझं घातलंय. गुडघा खरंच दुखतो, पण एवढाही नाही. तुझी लेझीम तेलाचा हात देऊन, फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. घ्यायला ये. कपडे आणि चपला राखायला मी बसणार आहे, सिंधूनं चटईही काढून ठेवली आहे. यंदा फोटोत तू असशील.

दुसरा ता. क. : तुझ्या घरी जी आहे तिच्या मुठीवर गंजाखाली तीन दात निघाले, फणीसारखे, तर ती माझी. जरा घासून बघ आणि येताना आण.

तिसरा ता. क. : पत्र पाकिटात घालताना अमीरबी सिंधूला भेटायला आली आणि ओट्यावर बसून म्हणत होती, "इनकू अब क्या याद रहता बाई? दाल तो दुकान का निशाण था, सब मालाँ पे मारते थे." मी आतल्या खोलीत होतो, दार लावलेलं होतं, मिक्सर चालू होता. माझ्या कानांचं तुला माहीत आहे. तर वर घासायचं लिहिलंय ते राहू दे, तुझ्याकडच्या लेझीमवर काहीही निघो. अमीरबी काय म्हणाली ते मला अजिबात ऐकू आलेलं नाही. तू ये.